काटेवाल्या दादाचा इंडेक्स

कान्हादादा गेला त्या सकाळी त्याच्या नंबरवरून फोन आला आणि मी तो मुद्दाम उचलला नाही. दोनदा वाजला, दोनदा मी त्याचा गळा दाबला. बाजार उघडून दहा मिनिटं झाली असतील. बारवी धरणाचे दरवाजे कुणी बिजागऱ्यांसकट उपटून नेल्यासारखी निफ्टी खाली चालली होती, आणि मी उल्हासनगरातल्या आमच्या भाड्याच्या खोलीमागच्या संडासात आतून कडी लावून, मोबाइल दोन्ही हातांत धरून, सगळे पैसे काढून घ्यायच्या बटणावर अंगठा रोखून उभा होतो. मला वाटलं, झालं, ह्याला कळलं. तिकडे अंबरनाथला वजनकाट्यावर बसल्या बसल्या ह्या माणसाला माझा अंगठासुद्धा दिसतो. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा उचलला आणि तो बोलायच्या आत ओरडलो, "नाही विकत रे दादा, नाही विकत!" पलीकडे दादा नव्हताच. मंदावहिनी होत्या. "भावोजी," त्या म्हणाल्या, "दादा गेला तुमचा. पहाटेच गेला." ... बटण दाबायचं राहून गेलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी रडू येण्याआधी माझ्या मनात आलं ते हे, की आता मला 'थांब' कोण म्हणणार?

ह्या गोष्टीला पाच आठवडे झाले. कान्हादादा भोईर हा मूळचा सोनिवलीचा, पण अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत तीसेक वर्षं एकाच वजनकाट्यावर बसलेला. वजनकाटा म्हणजे रस्त्याच्या कडेला जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी चौथरा. त्यावर आधी रिकामी गाडी उभी करायची, मग भरलेली. वजाबाकी केली की राहतो तो माल. चौथऱ्याला लागून एक केबिन, केबिनला खिडकी, खिडकीत दादा. त्या खिडकीतून त्याने जेवढं लोखंड मोजलं ते एकावर एक रचलं असतं तर मलंगगड टेकडी वाटला असता. काट्यावर माशी बसली तर तो तिच्या एका पंखाचं वजन सांगायचा. मी असं काही बोललो की तो चष्म्यावरून बघायचा आणि म्हणायचा, "सुध्या, तुझ्या बोलण्यातून आधी गाडीचं वजन वजा करावं लागतं. मग माल बघायचा. मालाचं मात्र कधी कधी काय उरतच नाय." तेव्हा वाचकांनीही हा लेख तसाच, वजाबाकी करूनच वाचावा.

मी मिलिंग मशीनवरचा कामगार. कंपनीतला लोखंडी चुरा टेम्पोत भरून काट्यावर न्यायचं काम आठवड्यातून एकदा माझ्याकडे असायचं, तिथे आमची गाठ पडली आणि वीस वर्षं सुटली नाही. दोन वर्षांपूर्वी कंपनीला कुलूप लागलं. हिशेबाचे पैसे हातात आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खात्यावर एवढा मोठा आकडा दिसला की बँकेच्या मशीनसमोर मी मागे वळून पाहिलं, कुणी दुसऱ्याचं तर कार्ड नाही ना घातलं! दादाला जाऊन म्हटलं, सांग ह्याचं काय करू. सोनिवलीत बिल्डिंगी यायला लागल्या तेव्हा त्याच्या घरची जमीन गेली होती. भावांनी त्यांच्या वाट्यात काळ्या काचांच्या गाड्या घेतल्या, ह्याने मात्र आपला वाटा कुठेतरी गुपचूप ठेवला होता आणि तो वाढतोय असं सगळी वसाहत बोलायची. गाडी वजनाला लागलेली, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, तेवढ्यात दादा खिडकीतून ओरडला, "इंडेक्स घे! बाकी काय डोकं लावू नको, इंडेक्स घे!"

आता आम्हा मिलिंगवाल्यांच्या भाषेत इंडेक्स म्हणजे काय ते सांगायला हवं. दातेरी चाक कापताना प्रत्येक दाता नेमक्या अंतरावर यावा म्हणून मशीनवर एक लोखंडी धूड बसवतात, त्याला भोकाभोकांची तबकडी असते, ती हाताने फिरवत जायची. त्याला आम्ही इंडेक्स म्हणतो. मला वाटलं, वा रे दादा! कंपन्या बंद पडतायत, यंत्रं भंगारात जातायत, उद्या हाच माल सोन्याच्या भावाने जाणार, काय दृष्टी आहे माणसाची! मी तडक उल्हासनगरच्या परसूशेठकडे, भंगाराच्या गल्लीत. तो म्हणाला, "साईं, एक ही इंडेक्स है, पर असली है. हिला के देख, हिलेगा नहीं." हलणार कसा, तो गंजून आपल्या तबकडीशी एकजीव झाला होता. घासाघीस करून घेतला, टेम्पोत टाकला आणि अभिमानाने थेट दादाच्या काट्यावर. "घेतला!" म्हटलं. "काय घेतला?" "इंडेक्स!" दादा केबिनबाहेर आला, टेम्पोत डोकावला, आणि मग जो हसायला लागला... त्या हसण्याने काट्याचा आकडा वर-खाली होत होता असं म्हटलं तर तुम्ही वजाबाकी कराल, पण पाठीमागे पाच ट्रक खोळंबले होते हे देवाशपथ खरं आहे. "आरं येड्या," डोळे पुसत तो म्हणाला, "पन्नास कंपन्या घे म्हटलं, तू पन्नास किलो लोखंड घेऊन आलास!"

मग दुपारी डबा खाता खाता त्याने मला समजावलं. पुढे टीव्हीवर टाय लावलेली माणसं तासन् तास बोलताना मी ऐकली, पण काटेवाल्याने सांगितलं तेवढं कुणी सांगितलं नाही. "देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्या म्हणजे माझ्या काट्यावर एकाच वेळी उभ्या असलेल्या पन्नास गाड्या समज. त्यांचं सगळ्यांचं मिळून जे वजन, त्याच्यावरून एक आकडा काढतात. तो इंडेक्स, निफ्टी. पण पन्नास गाड्या सारख्या नसतात. एखादी कंपनी मोठा ट्रेलर असते, एखादी छोटा टेम्पो. ट्रेलर जरा सरकला की काटा धडधडतो, टेम्पोने उड्या मारल्या तरी आकड्याला फार कळत नाय." मी विचारलं, मग जेवढा मोठा मालक तेवढी कंपनी जड? "तिथंच चुकतात सगळे," दादा म्हणाला. "मालकाने स्वतःच्या मुठीत धरून ठेवलेले शेअर विकायला येतच नाय. ते रिकाम्या गाडीचं वजन. ते वजा करायचं. लोकांमध्ये फिरतात तेवढेच शेअर मोजायचे. तो खरा माल." शिवाय वर्षातून दोनदा ते लोक यादी तपासतात, म्हणे. जी गाडी हलकी पडली ती चौथऱ्यावरून खाली, बाहेरची जड झालेली वर. "म्हणून कनची कंपनी बुडेल आणि कनची चढेल ह्याचा विचार तू करायचा नाय. तुझ्या बापाला पण ते जमणार नाय, माझ्याही नाय." आणि इंडेक्स स्वतः काही दुकानात मिळत नाही, तो नुसता आकडा; त्या यादीसारखंच, त्याच वजनांनी गाठोडं बांधणारा फंड असतो, तो घ्यायचा. तो गाठोडं बांधायची हमाली घेतो, पण थोडी.

मी घाबरून विचारलं, "पण टीव्हीवर म्हणतात आज अमुक अंकांनी पडली, म्हणजे माझे तेवढे रुपये गेले?" "अंक म्हणजे रुपये नाय रे. भरलेल्या ट्रकमधून पोतं काढलं आणि हातगाडीवरून पोतं काढलं, सारखं आहे का? टक्का बघ." मग तो जरा थांबला, हातातली भाकरी डब्यात ठेवली आणि त्याने पुढचं तेवढं हळू म्हटलं. "आणि ऐक. ही गाडी कधी वर्ष-वर्ष उताराला लागते, कधी दोन वर्षं. कुणी लिहून देत नाय. म्हणून थोडे थोडे टाक, दर महिन्याला. आणि जे पैसे तुला चार-पाच वर्षांत लागणार असतील त्यातला एक रुपया पण हिच्यात टाकू नको. तुला लागणार आहेत का?"

इथे मी काय केलं ते लिहिताना आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. वांगणीला आम्ही वन रूम किचन बुक केलं होतं. आमच्या सुनंदाने सव्वीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढलेली. अकरा महिने झाले की भांडी पोत्यात, असं इतक्या वेळा झालं की कुठलं पातेलं कुठल्या पोत्यात हे तिला झोपेतही सांगता येतं. घराचा ताबा मिळताना भरायची मोठी रक्कम ह्याच पैशांतून जायची होती. पण वीस वर्षं ज्या माणसासमोर आपण मोठमोठ्या बाता मारल्या त्याला एकदम गरीब तोंड कसं दाखवायचं? मी छाती फुगवून म्हणालो, "छे! हे तर नुसते पडून आहेत. असे किती पैसे माझ्याकडे पडून आहेत ते मलाच माहीत नाही." दादा म्हणाला, "मग ठीक." आणि मी थोडे थोडे नाही, सगळेच्या सगळे एका फटक्यात टाकले. सुनंदाला सांगितलं, बँकेत ठेवलेत, कुलपात आहेत. पहिले काही महिने आकडा चढला तेव्हा मी वांगणीचं घर सोडून मनातल्या मनात तिथला आख्खं फार्महाऊस विकत घेतलं होतं, आंब्याच्या झाडांसकट.

मग तो उतार आला. कुठूनसा कुठल्यातरी देशाचा काहीतरी निर्णय आला, मग दुसरा आला, आणि रोज सकाळी सव्वानऊला, बाजार उघडताना, मी मोबाइल घेऊन संडासात शिरायला लागलो. मोबाइल मी दिवसातून चारशे वेळा बघायचो; बरं, वजा करा, साठ वेळा. सुनंदा विचारायची, "अहो, सारखं संडासात काय जाताय? डॉक्टरला दाखवा." शेजारच्या बाईंनी तिला ताक सुचवलं. दोन महिने मी निफ्टीपायी ताक प्यायलो! त्यात बिल्डरचं पत्र आलं, इमारत तयार होत आलीय, पैशांची तयारी ठेवा. पत्र मी चपलेच्या स्टँडमागे लपवलं. आणि जवळजवळ रोज, काहीतरी निमित्त काढून, काट्यावर जायला लागलो.

दादा मला आकडा कधी सांगत नसे. म्हणायचा, "चौथऱ्यावर गाडी चढली की आकडा नाचतो. तो नाचत असताना मी कधी पावती काढलीय का? थांबू दे त्याला." पण त्या शेवटच्या भेटीत, तो जायच्या दहा-बारा दिवस आधी (त्यानंतर मी तिकडे फिरकलोच नाही), त्याने वेगळंच काहीतरी केलं. एक ट्रक वजनाला लागला होता आणि ड्रायव्हर आतच बसून राहिला होता. दादा खिडकीतून ओरडला, "ओ उस्ताद, नीचे उतरो!" ड्रायव्हर कुरकुरत उतरला. मग दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "रिकामी गाडी मोजताना हा खाली होता. आता आत बसून राहिला तर त्याचं वजन मालात धरलं जातं. तसं तुझं झालंय. तू आत बसून मोजतोयस." मी हसण्यावारी न्यायला बघितलं. तो हसला नाही. "सुध्या, ते पैसे कसले हायत?" "सांगितलं ना, पडून आहेत." "पडून असलेल्या पैशांसाठी माणूस रोज उल्हासनगरच्या कॅम्पातून रिक्षा करून अंबरनाथला येत नाय." मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. जिभेवर वांगणीचा 'वां' आला होता... तेवढ्यात मागून हॉर्न वाजला, दादा खिडकीकडे वळला, आणि मी म्हणालो, "तू पण ना दादा, काहीही!" आणि निघालो. ट्रकच्या आडून मागे पाहिलं तेव्हा तो पावती लिहीत नव्हता. माझ्याकडेच बघत होता.

तेराव्यानंतर सोनिवलीला गेलो. त्यांचं घर आता चहूबाजूंनी टॉवरांच्या मध्ये असं बसलंय की दुपारी दोनलाच तिथे संध्याकाळ होते. मंदावहिनींनी चहा ठेवला आणि एक प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढे सरकवली. दादाच्या फंडाचे कागद. नावावर व्हायचं ते चाललंय, त्या म्हणाल्या, पण पुढे काय ते कळत नाही. पुतणे म्हणतायत लगेच विका, बाजार अजून आपटणार. "भावोजी, ह्ये नेहमी सांगायचे, सुध्याला यातलं लय कळतं. तुम्ही सांगा, विकू का ठेवू?" मला लय कळतं! दादाने कधी माझ्या माघारी असं म्हटलं असेल... मी खाकरलो. एरवी मी काय काय बोललो असतो ते तुम्हाला आता कळलंच असेल. पण वेळ काढायला मी विचारलं, "वहिनी, बाजार पडला की दादा काय करायचा हो? तो तर कधी घाबरायचा नाही." वहिनी म्हणाल्या, "कोण, ह्ये? बाजार पडला की घास उतरायचा नाय ह्यांच्या घशाखाली. ताटावरून उठायचे. मग तुमचा फोन आला की खाकरून आवाज मोठा करायचे. फोन ठेवला की परत गप्प. मी बोलायची, मग कशाला ठेवता त्याच्यात? तर बोलायचे, माझ्या ऑपरेशनचे आणि तुझ्या गुडघ्याचे मी आधीच बँकेत काढून ठेवलेत. उरले त्यांच्यासाठी घाबरायला मला परवडतं."

मी कप खाली ठेवला. मग विचारलं, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला इतका तो लहान होता, "वहिनी, तुम्हाला चार-पाच वर्षांत कशाकशाला पैसे लागतील?" त्या बोटांवर मोजायला लागल्या. गुडघे. घरावरचे पत्रे. बहिणीच्या मुलीचं लग्न. एकही गोष्ट त्यांनी लपवली नाही, फुगवली नाही, आणि मला त्यांचा असा हेवा वाटला की काय सांगू. "ह्यातलं बँकेत जे नाही, तेवढं आधी काढून घ्या. पडलेल्या बाजारातही. बाकीचे राहू देत. पुढे चढेल का, ते मला माहीत नाही वहिनी. खरंच माहीत नाही." मला माहीत नाही, हे वाक्य मी बहुतेक शाळा सोडल्यावर पहिल्यांदा उच्चारलं.

घरी आलो. सुनंदा तांदूळ निवडत होती. मी चपलेच्या स्टँडमागून बिल्डरचं पत्र काढून तिच्या सुपात ठेवलं आणि सगळं सांगितलं. बँक नाही, कुलूप नाही, ताक नको होतं, सगळं. तिने पत्र वाचलं, घडी घातली. "किती कमी झालेत?" मी आकडा सांगितला. ना वर, ना खाली. तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "तुम्ही एवढा साधा आकडा सांगितलात ना, म्हणूनच मला भीती वाटली. खरा असणार." घरासाठी लागतात तेवढे आम्ही दुसऱ्या दिवशी काढले, नुकसानीत. जे कमी पडले त्यासाठी तिच्या बांगड्या तारण गेल्यात, त्या मला सोडवायच्यात. उरलेली मूठभर रक्कम अजून त्या पन्नास गाड्यांतच आहे. आम्ही काढल्यानंतर चौथ्या दिवशी बाजार वर गेला. जाणारच होता, मला त्याचा स्वभाव माहीत झालाय. सुनंदाने एवढंच विचारलं, "घराचे काढले ते बरोबरच ना?" मी म्हटलं, बरोबर. पण सव्वानऊला मी अजून घड्याळ बघतो.

परवा अंबरनाथला काम होतं म्हणून काट्यावर डोकावलो. खिडकीत नवा माणूस बसलाय, प्लास्टिकच्या स्टुलावर. दादाची लोखंडी खुर्ची त्याने बाहेर, पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवली आहे. "एका बाजूला खचलीय ओ," तो म्हणाला, "कंबर जाते त्यात." मी तिच्यात बसलो. तीस वर्षं खिडकीकडे झुकून झुकून दादाने तिची उजवी बाजू अशी दाबून टाकली आहे की बसणारा आपोआप तिकडेच कलतो. त्या दिवशी बाजार पुन्हा घसरत होता. मी खिशातून मोबाइल काढला, मांडीवर धरला, आणि खुर्ची मला हळूहळू चौथऱ्याकडे वळवत राहिली. सरळ बसावं म्हटलं तर बसताच येईना. समोर चौथऱ्यावर विटांची एक गाडी चढत होती. ड्रायव्हर उतरून बाजूला उभा राहून तंबाखू मळत होता... ती गाडी मोजून होईपर्यंत मी मोबाइलकडे नाही, तिच्याकडेच बघत होतो.